औंधचे संग्रहालय मुलांना दाखवा

महोदय,

मी साताऱ्यात राहून जलरंगात चित्रे काढतो. गेल्या रविवारी पहाटेपासून अजिंक्यतारा किल्ल्याच्या चित्रावर बसलो होतो. सावलीवर तिसऱ्यांदा वॉश (पातळ रंगाचा थर) दिला आणि रंग गढूळ झाला. जलरंगात खोडता येत नाही, कागदाचा पांढरेपणा एकदा गेला की गेला. ब्रश धुऊन ठेवले आणि एसटीने औंध गाठले.

यमाईच्या डोंगरावरचे हे श्री भवानी संग्रहालय औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उघडले. ते स्वतः चित्रकार होते. रविवर्मा, धुरंधर यांची मूळ चित्रे तिथे आहेत, आणि इंग्लंडच्या हेन्री मूर यांचे आई व मूल हे शिल्पही! मी बराच वेळ त्यापुढेच उभा होतो. तपशील किती सोडून द्यावेत आणि तरी माया कशी दिसावी, हे तिथे समजते. संध्याकाळी परतल्यावर नवा कागद ताणला आणि गडावरची झाडे-झुडपे गाळून फक्त उतार रंगवला.

माझी कळकळीची विनंती जिल्ह्यातील शाळांना आहे. चित्रकलेच्या एलिमेंट्री, इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांची सहल एकदा औंधला न्या. छापील चित्रात रंगाचा थर, ब्रशची ओढ कळत नाही. सोबत वही-पेन्सिल द्या, आणि एका चित्रापुढे निदान अर्धा तास बसू द्या. घाई करू नका.

– एक चित्रकार, सातारा