लेखनिकाचा अर्ज परस्पर ‘निकाली’ काढल्याबाबत तक्रार

दि. १२ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(महाविद्यालयातील विद्यार्थी सहाय्य केंद्र चालवणारी कंपनी)

प्रत: मा. प्राचार्य

महोदय,

माझी मुलगी एस.वाय.बी.ए.ला आहे. तिला अल्पदृष्टी आहे. दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून जास्त असून यूडीआयडी कार्डही (केंद्र सरकारचे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र) आहे. गेल्या वर्षीपर्यंत महाविद्यालयात शिष्यवृत्ती विभाग, समुपदेशन आणि दिव्यांग कक्ष वेगवेगळे होते. या जूनपासून ते एकत्र करून केंद्र तुमच्याकडे चालवायला दिले. बोनाफाईड आणि रेल्वे कन्सेशन एकाच ठिकाणी मिळू लागले, ही सोय झाली हे मी मान्य करते.

दिव्यांग कक्षातल्या मॅडमना मात्र दुसरीकडे पाठवले. लेखनिक (परीक्षेत विद्यार्थ्याने सांगितलेली उत्तरे लिहिणारी व्यक्ती) मिळण्यासाठीचा अर्ज परीक्षा विभागात कोणाच्या टेबलावर जातो, त्यावर कोणाची सही लागते, हे त्यांना तोंडपाठ होते. १७ सप्टेंबरला मुलीने तुमच्या खिडकीवर लेखनिक आणि वाढीव वेळेसाठी अर्ज दिला. तिथल्या मुलाने तो ‘परीक्षा – इतर’ या यादीत टाकला. मी दोनदा विचारायला गेले, दोन्ही वेळा ‘प्रक्रियेत आहे’ एवढेच उत्तर मिळाले. ९ ऑक्टोबरला मोबाईलवर मेसेज आला: ‘आपली विनंती निकाली काढण्यात आली आहे.’ आम्हाला वाटले, मंजूर झाला.

१४ ऑक्टोबरला इतिहासाच्या पेपरला पर्यवेक्षकांकडे तिच्या नावाचा आदेशच नव्हता. धावपळ करून प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी मिळाली, तोवर चाळीस मिनिटे गेली होती. तीही भरून दिली नाहीत आणि वाढीव वेळही दिला नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १७ मध्ये लेखनिक आणि जादा वेळेचा उल्लेख आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान वीस मिनिटे जादा मिळायला हवीत, आणि संस्थेने दिलेल्या लेखनिकाला दोन दिवस आधी भेटता आले पाहिजे. माझ्या मुलीला लेखनिकाचे नाव पेपर सुरू झाल्यावर कळले. शेवटचे दोन प्रश्न तिला येत असूनही कोरे राहिले. त्या रात्री ती जेवली नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती रोजची आहे. तुमच्या केंद्रात टोकनचा आकडा फक्त पडद्यावर येतो, कोणी पुकारत नाही. जिला पडदाच वाचता येत नाही, तिने नंबर आला हे कसे ओळखायचे? तिचा नंबर दोनदा निघून गेला. खिडकीवर पोहोचल्यावर “किती टक्के अपंग आहे?” असे रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले. पूर्वी हे बोलणे बंद दाराआड, खुर्चीवर बसवून व्हायचे. समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलांनाही आता याच खिडकीवर कारण सांगावे लागते. कोण सांगेल?

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. तो अर्ज कोणी, कशाच्या आधारे निकाली काढला, हे लेखी कळवा. दिव्यांग विद्यार्थ्यांचे काम जाणणारी व्यक्ती केंद्रात ठरावीक वेळी बसवा, खासगी बोलण्यासाठी खोली द्या आणि टोकन पुकारायला आजच सुरुवात करा. वाया गेलेल्या वेळेबाबत परीक्षा विभागाला तुमची चूक मान्य करणारे पत्र द्या, म्हणजे मुलीला पुढे दाद मागता येईल. ‘विद्यार्थी सेवा शुल्क’ आम्ही भरले आहे, पावती जोडली आहे.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करीन. तिथेही न्याय मिळाला नाही, तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाईन. पुढच्या सत्राच्या लेखनिकाचा अर्ज या पत्रासोबतच देत आहे. त्याची पोच सही-शिक्क्यानिशी द्यावी.

आपली,
विद्यार्थिनीची आई

सोबत: शुल्काची पावती, १७ सप्टेंबरचे टोकन, मेसेजची छायाप्रत, लेखनिकासाठी नवा अर्ज