फोटो आमचा छापता, बिल कधी देता? मंत्री साहेबांना खुलं पत्र

मा. मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

वडसा-देसाईगंजहून लिहून राहिलो. तुमच्या खात्याच्या यंदाच्या महोत्सवाचा बॅनर काल व्हॉट्सअ‍ॅपवर आला. छान आहे. त्यात डाव्या बाजूला फेटा घालून जो माणूस डोळे वटारून उभा आहे तो आमच्या नाटक कंपनीचा खलनायक, फोटो मागच्या महोत्सवातला. त्याच प्रयोगाचे ८५ हजार अजून आले नाहीत. ऑफिसात फोन केला तं म्हणतात निधी आला की कळवू, आणि त्याच फोनवर विचारतात, यंदा पण या ना, जरा कमीमध्ये.

तुम्ही म्हणाल एवढ्यासाठी कोणी मंत्र्याला पत्र लिहिते काय. लिहिते साहेब, कारण बाकीचे रस्ते पण बंद आहेत.

झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्याचं नाटक अनुदानावर नाही चालत. मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, नाहीतर शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, गावचं मंडळ बुकिंग करते, तिकीट लावते, लोक रात्रभर बसतात. तिकिटाचा पैसा येते धानातून. २०२५-२६ च्या हंगामाला कागदावर हमीभाव होता क्विंटलला २३६९, पण सरकारी खरेदी केंद्रावर धान मोजून चुकारे, म्हणजे धानाचे पैसे, येतपर्यंत माणूस व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात देऊन मोकळा होते. हेक्टरी २० हजार बोनस जाहीर झाला की बॅनर त्याच दिवशी लागतात, पैसे आपले सावकाश. चुकारे अडकले की गावात लग्न पुढे ढकलतात, पण नाटक कुठं ढकलणार, सीझन दिवाळी ते होळी तेवढाच. यंदा मंडळांनी ऐन वेळी बुकिंग कॅन्सल केलं. भांडू कोणाशी, अध्यक्षाचाच धान केंद्रावर पडून होता.

पण कलाकारांचे अ‍ॅडव्हान्स मी आधीच देऊन बसलो होतो ना. नट, नट्या, वादक, प्रॉम्प्टर, लाइटवाला, ड्रायव्हर, स्वयंपाकी, तीसेक पोटं. बायकोचं मंगळसूत्र गहाण आहे, गाडीचे हप्ते थकले, फायनान्सवाला सकाळी चहाच्या टायमाला येऊन बसते आणि पोरगी विचारते हे काका कोण. बाहेरून हसवणारी कंपनी आहे आमची, लोक म्हणतात तुमची बाप्पा मजा आहे.

आता परवानगीचं ऐका. २००० सालचा आवाजाचा नियम आहे, रात्री १० नंतर भोंगा बंद. आमचं नाटक सुरूच होते दहा-साडेदहाला. सूट मिळते वर्षातले १५ दिवस, ती पण बारापर्यंत, बारा वाजता आमचा पहिला अंक पण नाही संपत. खलनायकाला काय सांगू, खून उद्या कर? नेत्याच्या वाढदिवसाचा डीजे दीडला वाजते तेव्हा कायदा झोपलेला असते. वरून २०२४ च्या दिवाळीत आचारसंहिता, २०२५ ला पुन्हा ४ नोव्हेंबरपासून. लोकशाहीला पण आमचाच सीझन सापडते.

२०२३ ला आमच्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही फटाके फोडले, सगळे नेते पण म्हणाले झाडीपट्टी आमचा अभिमान. अभिमानाला डिझेल लागते साहेब. २०२५ ला शक्तिपीठ महामार्गाला ८६ हजार कोटी म्हणाले, ठेकेदार म्हणाले आमचेच ८९ हजार कोटी सरकारकडं बाकी आहेत, खरं-खोटं तुम्हालाच माहीत, पण त्या हिशोबात आमचे ८५ हजार दिसतील तरी कोणाला? ठेकेदार काम बंद करते तं पेपरात येते. आम्ही काम बंद केलं तं तुम्हाला वाटेल होळी झाली असेल.

मागणं एवढंच. बिल द्या. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियात सीझनभर रात्रीची रीतसर परवानगी द्या, पोलिसांच्या मर्जीवर नको. आणि धानाचे चुकारे वेळेवर. ते माझं खातं नाही म्हणाल, तं ज्याचं आहे तो तुमच्याच बाजूच्या खुर्चीवर बसते, त्याला सांगा.

उत्तर जरा लवकर पाठवा. पुढच्या महिन्यात आमची अर्धी कंपनी तेंदूपत्ता तोडायला जंगलात जाते, तिकडं फोन लागत नाही.

आपला,
एक कंपनीवाला, वडसा