होम कॉर्नरच्या बाजूची दोन तिकिटं

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू जेवणावरून उठून गेलीस, तेव्हा ताटात आमटीभात तसाच होता. आईने तो रात्री साडेदहापर्यंत झाकून ठेवला, मग काही न बोलता फ्रीजमध्ये ठेवला. बॉक्सिंगच्या कराराची पानं मात्र टेबलावरच राहिली. बस डेपोतून आलो की मी रोज ती वाचतोय. २७ पानं आहेत. गुरुवारी तुला सह्या करायच्या आहेत, म्हणून लिहायला बसलो. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू गप्प होतेस.

रविवारी आधी बोलायला हवं होतं ते आता लिहितो. मला तुझा फार अभिमान वाटतो. लढती भरवणाऱ्या एवढ्या मोठ्या कंपनीचं बोलावणं आपल्या घरी येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ‘त्यांना तू नकोयस, तुझ्या रेकॉर्डमधला हरलेल्या लढतींचा शून्य हवाय’ असं मी म्हणालो. ते खोटं आहे असं मला आजही वाटत नाही, पण जेवत्या माणसाला असं बोलू नये. त्याबद्दल माफ कर.

डोक्याबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवलंय.

लढती भरवणारा प्रमोटर म्हणजे लुटारू, असं माझं मत आहे असं तू म्हणालीस. तसं नाही गं. ३१ मे २०१४ ची रात्र तुला आठवते का? माझी बसवर लेट शिफ्ट होती, वेंब्लीच्या मैदानाच्या बाजूला. ८० हजार माणसं मैदानातून सुटली. फ्रॉचने ग्रोव्ह्जला आठव्या फेरीत एका उजव्या ठोशात झोपवलं होतं आणि बसमध्ये चढणारा जो तो तोच ठोसा हवेत मारून दाखवत होता. एका म्हाताऱ्याने तर कार्ड टेकवायच्या आधी मला दाखवला. घरी आलो तर रात्रीचा एक वाजलेला, तू १४ वर्षांची, आणि पॅसेजमधल्या आरशासमोर तोच ठोसा. मला बघून म्हणालीस, ‘बाबा, पाय कसा वळवला त्याने?’ बीबीसी आणि आयटीव्हीने बॉक्सिंगकडे पाठ फिरवल्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. अशा वेळी एडी हर्न या प्रमोटरने ते मैदान भरवलं. तीन वर्षांनी जोशुआ आणि क्लिच्को यांच्यासाठी ९० हजार माणसं आणली. हे मी नाकारत नाही. त्या रात्री ते मैदान भरलं नसतं, तर कदाचित तू आज वकील झाली असतीस. (आत्या अजून म्हणते तसं. मी म्हणत नाही.)

आणि मुलींचं म्हणशील, तर तुझ्या जन्माच्या फक्त दोन वर्षं आधी, १९९८ साली, जेन काउच या बॉक्सरला लायसन्ससाठी ब्रिटनच्या बॉक्सिंग बोर्डाशी भांडावं लागलं. पाळीच्या दिवसांत बायका अस्थिर होतात, असं बोर्डाच्या बाजूने सांगितलं गेलं. ती जिंकली, पण पुढे कित्येक वर्षं मुलींच्या लढतीला कुणी विचारत नव्हतं. २०१६ मध्ये हर्नने केटी टेलरला करारात घेतलं, आणि एप्रिल २०२२ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केटी आणि सेरानो यांची लढत त्या रात्रीची मुख्य लढत होती. तू आणि आईने ती सोफ्यावर उभं राहून बघितलीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओटू अरीनामध्ये शील्ड्स आणि मार्शल, आणि त्या रात्री सगळ्या लढती मुलींच्याच. ती दुसऱ्या प्रमोटरची. चढाओढ होती म्हणून तर हे झालं.

आणि मला सांगायचं आहे ते या चढाओढीबद्दलच. पूर्वी मिकी डफ, जार्व्हिस अस्टेअर, माइक बॅरेट, हॅरी लेव्हीन या मंडळींनी लंडनचं बॉक्सिंग आपसांत वाटून घेतलं होतं. टीव्हीही त्यांच्याच बाजूला. फ्रँक वॉरेन बिनलायसन्सच्या लढती भरवत बाहेरून आला आणि ऐंशीच्या दशकात त्याने ती मक्तेदारी फोडली. मग १९८७ मध्ये एडीचा बाप बॅरी हर्न स्नूकरमधून आला, ब्रुनो आणि बगनर यांना टॉटनहॅमच्या मैदानात उतरवलं. दोन प्रमोटर एकमेकांवर बोली लावतात, तेव्हाच बॉक्सरच्या पदरात काही पडतं. एकच उरला की तो देईल तो भाव. म्हणून पान ११ बघ. करार तीन वर्षांचा आहे, पण तू टायटल जिंकलीस तर पुढची दोन वर्षं वाढवायची की नाही हे तेच ठरवणार. तू हरलीस, तर मानधन पुन्हा ठरवायचा हक्कही त्यांचाच. जिंकलीस तर सुटका नाही, हरलीस तर आधार नाही. आणि ज्या माणसाने तुझा मॅनेजर व्हायची तयारी दाखवलीय, तो त्यांच्याच ऑफिसात बसतो. अमेरिकेत २००० साली मुहम्मद अलींच्या नावाने कायदा झाला, मॅनेजर आणि प्रमोटर यांचे हितसंबंध एकात एक गुंतू नयेत म्हणून. इथे एकाच माणसाकडे दोन्ही लायसन्स असू शकतात. मग तुझ्या वतीने भाव करायला बसलेला माणूस कुणाशी भाव करणार? स्वतःशीच? तुझ्या मानधनातले शंभरातले पंचवीस घेऊन?

बघ, परत भाषण सुरू झालं. आई शेजारून म्हणतेय, ‘पोरीला पत्र लिहिताय की नोटीस?’ सोडतो. एवढंच कर, सही करण्याआधी बाहेरच्या वकिलाला दाखव. पैसे मी देतो. ते बाजूला काढलेलेच आहेत, कशासाठी ते तुला माहीत आहे, आणि त्याला आता घाई नाही.

काल शेवेचा तो निळा डबा सापडला. आत अजून रबरबँड आहेत. लंडनच्या छोट्या यॉर्क हॉलमधली तुझी पहिली लढत, १२० तिकिटं खपवायची होती. डेपोत, मंडळाच्या गणपतीत, आईने हळदीकुंकवात वाणाबरोबर. प्रत्येक पाकिटावर नाव, नावापुढे पैसे आले की बरोबरची खूण. जोशीकाका म्हणाले, ‘मुलीला मार खाताना बघायला चाळीस पौंड?’ आणि चार तिकिटं घेऊन गेले. आपल्याच तिकिटांतून तुझ्या समोरच्या मुलीचं मानधन जायचं, तिचं विमानाचं भाडं, हॉटेल, मग उरलं तर तुझं. पहिल्या लढतीत तुझ्या हातात काय आलं ते आपण आत्याला कधीच सांगितलं नाही.

ती बल्गेरियाची मुलगी आठवते? लढतीनंतर मी तुझी बॅग घ्यायला मागच्या पॅसेजमध्ये आलो, तर ती जिन्याच्या पायरीवर एकटीच बसली होती. एका डोळ्याखाली सूज, हातांवर अजून पट्ट्या, आणि दातांनी केळं सोलत होती. आईने पर्समधली चकल्यांची पुडी तिला दिली. तिने एक चकली मोडून बघितली, वास घेतला, मग हसली. तिला तिथे हरायला आणलं होतं, हे तिलाही माहीत होतं आणि आपल्यालाही. बर्मिंगहॅमच्या पीटर बकलीने ३०० लढती अशाच केल्या, २५६ हरला. अशी माणसं आहेत म्हणून छोट्या हॉलमधलं बॉक्सिंग चालतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तू जिंकली होतीस, आणि मी तिच्या बापाचा विचार करत होतो. लढत झाल्यावर त्याने कुणाला फोन केला असेल?

जुलैत त्या स्पारिंगनंतर, सरावाच्या लढतीनंतर, तू दोन दिवस पडदे ओढून झोपली होतीस. आईला म्हणालीस, ऊन लागलं. तिने मानलं. मी मानलं नाही. लिहिणार नव्हतो, पण लिहिलं गेलं.

मायकल वॉटसनबद्दल मी तुला लहानपणी सांगितलं नाही, मुद्दाम. २१ सप्टेंबर १९९१, टॉटनहॅमचंच मैदान, समोर युबँक. लढत शेवटच्या फेरीत थांबवली आणि नंतर तो कोसळला. रिंगशेजारी त्याचा जीव सांभाळायची नीट सोय नव्हती. ज्या हॉस्पिटलात आधी नेलं तिथे मेंदूची शस्त्रक्रिया होत नव्हती, मग दुसरीकडे. ४० दिवस कोमात, डोक्याच्या सहा शस्त्रक्रिया. त्याने बोर्डावर खटला भरला आणि जिंकला, त्या भरपाईपायी बोर्डाला लंडनचं ऑफिस विकावं लागलं. आज रिंगशेजारी डॉक्टर आणि दाराशी अँब्युलन्स असते, तुझ्या डोक्याचं दर वर्षी स्कॅन होतं, यामागे तो माणूस आहे. कोर्टाने जबाबदार धरलं ते बोर्डाला. मैदान ज्यांनी भरवलं होतं, त्यांची पुढची मैदानं भरतच राहिली. २००३ मध्ये त्याने लंडन मॅरेथॉन सहा दिवस चालत पूर्ण केली. तू तीन वर्षांची होतीस, माझ्या मांडीवर बसून टीव्ही बघत होतीस. म्हणालीस, ‘बाबा, ते काका हळू का चालतात?’ मी म्हणालो, पाय दुखतात त्यांचे.

जोशुआ आणि डुबोआ यांची लढत झाली तीही २१ सप्टेंबरलाच, २०२४ मध्ये. बरोबर ३३ वर्षांनी. ९६ हजार माणसं, पैसा सौदीचा. माझ्या बसमध्ये त्या रात्री कुणालाही ती तारीख आठवत नव्हती.

सौदीबद्दल तू म्हणालीस ते खरं आहे. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे वॉरेन आणि हर्न त्या पैशामुळे एका टेबलाशी आले, आणि ज्या लढती कधी झाल्याच नसत्या त्या झाल्या. पण इंग्लंडची पोरं रियाधमध्ये लढतात आणि इथला माणूस टीव्हीवर बघतो. त्याने यॉर्क हॉलची एक तरी खुर्ची भरते का? तुझ्यानंतर येणाऱ्या पोरीला डबा घेऊन तिकिटं विकावीच लागणार आहेत.

तात्यांना त्यांच्या कुस्त्यांबद्दल मी कधी विचारलं नाही, असं तू म्हणालीस. विचारलं होतं. मी दहावीत असताना, खासबागेत. मैदान सुटलं होतं, हलगीवाले वाद्यं बांधत होते. म्हटलं, तात्या, तुमच्या कुस्त्या कोण ठरवायचं? ते म्हणाले, ‘जोड वस्ताद लावायचा. पैसे दुसरा कुणीतरी द्यायचा. वस्ताद पैसेवाल्याला नाही म्हणू शकायचा, म्हणून माझा खांदा शाबूत आहे.’ खांदा शाबूत होता, कान मात्र दोन्ही चेपलेले. म्हातारपणी त्या पितळी वाटीतून दूध पिताना हात थरथरायचा, तो कशाने, हे आम्हाला कुठल्याच डॉक्टरने नीट सांगितलं नाही.

म्हणून तुझ्या कोचबद्दल सांगतो. त्यांचा माणूस सहज बोलून गेला, ‘कॅम्प एसेक्सला हलवू, तिथे आमचे ट्रेनर आहेत.’ करारात हे कुठे लिहिलेलं नाही, मी दोनदा बघितलं. पण तो जे सहज म्हणाला तेच त्याला हवं आहे. दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात तुझा कोच आधी तुझ्या डोळ्यांत बघतो, मग बोलतो. मी प्रत्येक वेळी बघितलंय. तो कुणाला न विचारता लढत थांबवेल. शेवटची फेरी असली तरी, बेल्ट असला तरी, टीव्हीवर लाखो लोक बघत असले तरी. बाकी पान ११ वर हवं ते मान्य कर, पैसे कमी घे, पण कोच तुझाच राहील हे लिहून घे. लिहून.

सही करू नकोस असं मी म्हणत नाही. तू २५ वर्षांची आहेस आणि सहा लढती माझ्या जोरावर जिंकलेली नाहीस.

जुलैतली डोकेदुखी बोर्डाच्या डॉक्टरला सांगितलीस का? स्कॅनची तारीख यायची आहे म्हणून थांबू नकोस. त्यांनी लढत पुढे ढकलली तर ढकलू दे, कंपनी रागावली तर रागावू दे. मला चिडून उत्तर दिलंस तरी चालेल, पण उत्तर दे.

आता तुला तिकिटं खपवावी लागणार नाहीत, ऑनलाइनच जातील म्हणे. तरी आमच्यासाठी दोन काढून ठेव, होम कॉर्नरच्या, म्हणजे तुझ्या कोपऱ्याच्या बाजूची. आई ‘मी येणार नाही’ म्हणतेय, पण काल तिने चकलीची भाजणी दळून आणली आहे.

तुझे,
बाबा