अंगणात एक वाफा मातीचा राहू द्या

महोदय,

नागपुरातील धरमपेठ, बजाजनगरसारख्या जुन्या वस्त्यांत घरापुढील अंगणात सरसकट गट्टू (सिमेंटचे फरसबंदी ठोकळे) बसवले जातात किंवा शोभेची हिरवळ लावून पेंच धरणातून येणारे पिण्याचे पाणी भर उन्हाळ्यातही तिच्यावर ओतले जाते, याचे मनापासून वाईट वाटते. आमच्या दहा बाय बारा फुटांच्या अंगणात पावसाळ्यात अंबाडी, हिवाळ्यात पालक आणि कुंपणावर वाल असतो. काळी माती ओल धरते, मात्र ती घट्ट बसू नये म्हणून शेणखत व वाळलेला पाला मिसळावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, तरी हिरवी जाळी बांधून पहाटे बुडाशीच पाणी दिल्याने आमची वांगी तगली. गट्टू बसवण्यापूर्वी निदान एक वाफा मोकळा ठेवावा, ही नागपूरकरांना कळकळीची विनंती.

– एक वाचक, नागपूर