चुकलेला विषय महाविद्यालयातच दुरुस्त होऊ द्या : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी एम.ए.च्या वर्गाला अर्थशास्त्र शिकवते. माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा विषय ऑनलाइन नोंदणीत चुकीचा पडला, तर वर्ग सुरू झाल्यानंतरचे काही दिवस तो महाविद्यालयाच्या लॉगिनमधूनच बदलता आला पाहिजे. आज तो येत नाही. फॉर्म लॉक झाला की आम्ही शिक्षक, आमचे प्राचार्य आणि कार्यालयातले कर्मचारी, सगळे हात बांधून बसतो.

विद्यापीठाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आमची मुलं पदवीनंतर खान्देशात शिकतात, तशी नाशिकला, पुण्याला, संभाजीनगरलाही जातात. अडचण आली की फोन मात्र आपल्या जुन्याच शिक्षकांना करतात. त्यामुळे निरनिराळ्या पोर्टलांची गाऱ्हाणी आमच्या कानावर येतात. पडदा वेगळा, रंग वेगळा. गाऱ्हाणं थोड्याफार फरकाने तेच असतं.

एकीची हकीकत सांगते. धडगावच्या पुढे डोंगरातल्या एका पाड्यावरची ही मुलगी घरातली पहिली पदवीधर आहे. वडील दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. एम.ए.च्या पहिल्या सत्राला तिला ऐच्छिक विषय म्हणून कृषी अर्थशास्त्र हवं होतं. का, हे तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. घरची शेती असूनही बापाला दरवर्षी बाहेर का जावं लागतं, हे तिला नीट समजून घ्यायचं होतं. इतकं स्पष्ट कारण घेऊन एम.ए.ला येणारे विद्यार्थी फार थोडे असतात.

फॉर्म तिने तालुक्याच्या गावी नेट कॅफेत भरला. जुलैचा शेवट, पोर्टल बंद व्हायला आलेलं, दुकानात रांग. विषय निवडायच्या पानावर यादी उघडते ती अशी : डावीकडे पेपर कोड, पुढे इंग्रजीत विषयाचं नाव, आणि पहिल्या ओळीवर आधीच खूण. चालवणाऱ्या मुलाने ती तशीच ठेवून पुढचं बटण दाबलं. पावतीवर छापून आला तो फक्त कोड. आठ-नऊ अक्षरं-आकड्यांचा तो कोड पाहून आपल्याला कोणता विषय मिळाला हे मलाही सांगता आलं नसतं, मग तिला कुठून कळणार?

मुलगी सत्रभर माझ्या वर्गात बसली. चार श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) विषय म्हणजे 60 तासांचं अध्यापन. परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा पेपर वरून आपोआप आले आणि ऐच्छिक विषयाच्या जागी अर्थमिती (इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे संख्याशास्त्राच्या आधारे अर्थव्यवहारांचा अभ्यास) आली. हा विषय आमच्या महाविद्यालयात शिकवलाच जात नाही. तो शिकवणारं आमच्याकडे कोणी नाही. तरीही पोर्टलने तो तिच्यापुढे ठेवला, कारण ती यादी विद्यापीठाने मंजूर केलेल्या सगळ्या ऐच्छिक विषयांची आहे. त्या त्या महाविद्यालयात काय शिकवलं जातं याच्याशी तिचा काही संबंध नाही.

पुढचं आपण ओळखलं असेल. विद्यार्थिनीचा अर्ज, त्यावर विभागप्रमुखांची शिफारस, प्राचार्यांचं पत्र, दुरुस्तीचं शुल्क, मग विद्यापीठात हेलपाटे. एका टेबलावर म्हणाले परीक्षा विभागाकडे जा, परीक्षा विभाग म्हणाला पात्रता विभागाने आधी उघडून द्यायला हवं. 'वरून ओपन होईल' हे उत्तर मिळत राहिलं. हॉलतिकीट आलं त्यावर अर्थमितीच होती. तिने न शिकलेला पेपर दिला आणि त्यात राहिली. ज्या विषयाचं तिचं टिपण वर्गात सगळ्यांत चांगलं होतं, त्या विषयाची गुणपत्रिकेत नोंदच नाही.

महोदय, याला अपवाद समजू नये अशी विनंती आहे. विषय हुकलेली मुलं दर सत्राला माझ्यासमोर येऊन उभी राहतात. कोणाचा ऐच्छिक चुकलेला, कोणाचा एकच पेपर दोनदा पडलेला, कोणाचा विषय बरोबर पण माध्यम इंग्रजी झालेलं. मुलं घाबरलेली असतात. 'मॅडम, माले काहीच समजत नही,' एवढंच बोलून समोर मोबाइल धरतात.

हे आताच का वाढलं, याचं उत्तर शासनाच्याच कागदात आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे श्रेयांकांचा आराखडा आपल्या विभागाने 2023 मध्ये शासन निर्णय काढून लागू केला. दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाला 88 श्रेयांक, सत्राला 22. पहिल्या सत्रात त्यातले 14 अनिवार्य विषयांचे, 4 संशोधन पद्धतीचे आणि 4 ऐच्छिक. ऐच्छिक विषय पुढे प्रत्येक सत्रात आहे. म्हणजे दोन वर्षांत प्रत्येक विद्यार्थी चार वेळा त्या यादीपुढे उभा राहतो. पूर्वी ही निवड विभागात, शिक्षकासमोर, कागदावर होत असे. मुलगा गोंधळला तर तिथल्या तिथे विचारत असे. नव्या धोरणाने मुलांना निवड दिली. मला ती मनापासून हवी आहे. पण निवड वाढली की चुका वाढणारच, आणि त्या निस्तरायची सोय आराखड्याबरोबर आली नाही.

चुकलेली नोंद पूर्वी एका कार्यालयाच्या दप्तरात पडून राहायची. आता श्रेयांक ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या नावाने उघडलेल्या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्यात, जमा होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या विनियमांप्रमाणे ते तिथे जास्तीत जास्त सात वर्षं ग्राह्य धरले जातात. उद्या ही मुलगी पहिल्या वर्षानंतर 44 श्रेयांकांवर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडायचं म्हणाली, तर अडकलेले चार श्रेयांक तिचा रस्ता अडवणार. आणि आमच्याकडे मुली मधेच का थांबतात, हे आपल्याला मी सांगायला नको.

त्या बँकेचं खातं उघडतानाही आमची मुलं अडखळतात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. वळवी, पाडवी, पावरा ही आडनावं रोमन लिपीत एका कागदावर एका तऱ्हेने तर दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेली. एका अक्षराने नाव जुळत नाही आणि पुढचं पान उघडत नाही. त्यात आधारला जोडलेला मोबाइल नंबर बहुधा वडिलांचा किंवा भावाचा, आणि तो माणूस ओटीपी येतो त्या वेळी रेंजबाहेर शेतात. मोलगी, तोरणमाळ, धडगाव या भागांत नर्मदेच्या बाजूला अशी गावं आहेत जिथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की धडगावचा नंदुरबारशी सरळ रस्ता तुटतो. पदव्युत्तर प्रवेशाची धांदल नेमकी याच महिन्यांत असते. घरात पेरणी-निंदणी चालू, श्रावणात कानबाईच्या सणाचे रोट, आणि मुदत रात्री बाराला संपणार. एसटीचं तिकीट 2023 पासून बायकांना अर्धं झालं, त्याचा आमच्या मुलींना खरोखर मोठा आधार आहे. पण बुडालेल्या दिवसाची मजुरी कोणी भरून देत नाही.

ऑनलाइन पद्धत बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. प्रवेशासाठी कागदांची भेंडोळी घेऊन पहाटेच्या एसटीने निघालेली मुलं मी पाहिली आहेत. गुणवत्ता यादी आता घरबसल्या दिसते, कोणाचा नंबर मागे-पुढे झाला तर सगळ्यांना कळतं. ही मोठी गोष्ट आहे, ती टिकली पाहिजे.

हरकत घेणारे म्हणतात, महाविद्यालयांच्या हाती दुरुस्ती दिली तर गैरवापर होईल, शिक्षक आपल्या सोयीने मुलं इकडची तिकडे करतील. ही भीती खोटी नाही. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, रिक्त पदं आणि एकाच माणसावर चालणारे विभाग हे आमचं वास्तव आहे, त्यावर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. पण बदल विद्यार्थ्याच्या ओटीपीशिवाय होणार नाही, कोणी, कधी, काय बदललं याची नोंद कायम राहील, आणि वर्ग सुरू झाल्यापासून तीन आठवड्यांनी ही खिडकी बंद होईल, अशी व्यवस्था केली तर गैरवापराला जागा उरत नाही. ज्याला ओटीपी मिळवणं शक्य नाही, त्याची सही आणि प्राचार्यांची सही असलेला अर्ज पोर्टलवर चढवता यावा. तीन आठवडे म्हणते, कारण मुलं वर्गात येऊ लागली, शिक्षकाने पहिली हजेरी घेतली की चूक सापडते. वर्ग सुरू व्हायच्या आत ती सापडणं जवळपास अशक्य आहे. आणि ती सापडावी म्हणून विषयनिहाय यादी आम्हाला पहिल्या आठवड्यातच पोर्टलवर दिसली पाहिजे. आज आमची हजेरी मुलांनी तोंडी सांगितलेल्या विषयांवरून तयार होते.

जमिनीच्या दप्तराचं उदाहरण देते. सातबाऱ्यावर नाव लिहिताना किंवा क्षेत्राचा आकडा उतरवताना चूक झाली, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली ती लेखनप्रमाद म्हणून दुरुस्त होते, आणि ते प्रकरण तहसील कार्यालयात चालतं. गुंठाभर जमिनीची चूक तालुक्याला निस्तरते, तर मुलीच्या एका पेपरचा कोड तिच्या महाविद्यालयात का निस्तरू नये?

तक्रार निवारणाची यंत्रणा आहे ना, असंही उत्तर मिळतं. आहे. आयोगाच्या 2023 च्या विनियमांनी प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठ पातळीवर लोकपाल नेमायला सांगितलं आहे. समितीला अहवालासाठी 15 कामकाजाचे दिवस, पुढे लोकपालाकडे 30 दिवस. ज्या मुलीची चूक परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी उघडी पडते, तिचा पेपर तोवर होऊन गेलेला असतो. अन्याय झाला हे ठरवायला ती समिती हवीच. पण टंकलेखनाच्या चुकीसाठी वीस-बावीस वर्षांच्या मुलीने लोकपालाच्या दारात का जावं?

पोर्टलमध्येच ज्या काही गोष्टी बदलायला हव्यात त्या संगणकाच्या माणसाला फार अवघड नसाव्यात. ऐच्छिक विषयाच्या यादीत त्या महाविद्यालयात प्रत्यक्ष शिकवले जाणारे विषयच दिसावेत. आधीपासून कशावरही खूण असू नये. विद्यार्थ्याने स्वतः निवडल्याशिवाय पान पुढे जाऊ नये. विषयाचं नाव मराठीतही असावं. जी मुलं मराठीतून उत्तरपत्रिका लिहिणार आहेत, त्यांना विषयाची यादी तेवढी इंग्रजीत देणं योग्य नाही. पावतीवर कोडाबरोबर पूर्ण नाव यावं. अर्धा भरलेला फॉर्म जपून ठेवला जावा, म्हणजे रेंज गेली की पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

विद्यापीठं स्वायत्त आहेत, त्यांची पोर्टलं मंत्रालयातून चालत नाहीत, हे मी जाणते. पण श्रेयांकांचा आराखडा आपण सगळ्या विद्यापीठांना एका शासन निर्णयाने लागू केलात. त्याच आराखड्याला जोडून नोंदणीतल्या दुरुस्तीची किमान नियमावली काढणं आपल्या अधिकारात आहे. ती काढताना तालुक्याच्या गावांतल्या महाविद्यालयांचे लिपिक बोलावून त्यांचं ऐका. पोर्टल कुठे अडतं, कोणत्या बटणावर मुलं चुकतात, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही, आणि आजवर त्यांना कोणी विचारलेलं नाही.

माझ्या त्या विद्यार्थिनीने एम.ए. सोडलेलं नाही. अर्थमितीचा राहिलेला पेपर ती स्वतः अभ्यास करून पुन्हा देणार आहे आणि मी तिला शिकवते आहे, माझा तो विषय नसला तरी. पण तिला कृषी अर्थशास्त्राचे चार श्रेयांक मिळायला हवेत, कारण तेवढे तास तिने दिले आहेत आणि हजेरीपत्रक त्याची साक्ष देतं. अशा जुन्या प्रकरणांत हजेरी आणि अंतर्गत गुणांच्या आधारे विषय बदलून विशेष परीक्षा घेण्याची एकदाच मुभा द्यावी, ही विनंती मी याच पत्रात करते.

नवीन प्रवेश जूनमध्ये सुरू होतील. नियमावली त्याआधी, एप्रिलपर्यंत, विद्यापीठांच्या हाती पडली तर पोर्टलमध्ये बदल करायला त्यांना दोन महिने मिळतील.

आपली विश्वासू,
एक अध्यापिका
नंदुरबार जिल्हा