इंग्लंडातले अडीच गुंठे: अलॉटमेंट हवी तर विचारायचं कुणाला?

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार,

तुमचा पेपर इथे इंग्लंडात मोबाईलवर वाचणारे आम्ही बरेच जण आहोत म्हणून हे पत्र तुमच्याकडेच पाठवतोय. दरवर्षी पुणे, नाशिक, कोल्हापूरकडची पोरंपोरी इकडे आयटीत नाहीतर एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नोकरीला येतात, मागून आईवडील येतात, आणि मग घरोघरी तेच सुरू होतं, ताजी मेथी मिळत नाही, शेपू तर दिसतच नाही, बाबांना दिवसभर काही उद्योग नाही. आणि चालत जाण्यासारख्या अंतरावर कौन्सिलच्या (इथल्या नगरपालिकेच्या) अलॉटमेंट असतात, म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्याने दिलेले जमिनीचे तुकडे, त्याचा यांना पत्ताच नसतो. किंवा असतो पण वाटतं ते गोऱ्या आजोबांचं काम, आपण सिटिझन नाही, आपल्याला कोण देतंय. तर आधी हे डोक्यातून काढा, बहुतेक कौन्सिल फक्त तुम्ही त्यांच्या हद्दीत राहता का एवढंच बघतात.

पूर्ण प्लॉट जुन्या मापाने 10 रॉडचा, एकराचे रॉड 160 आणि गुंठे 40, म्हणजे हिशोब केला तर आपले बरोब्बर अडीच गुंठे! हल्ली अर्धा प्लॉटच जास्त देतात आणि नवीन माणसाला तोच पुरतो, खरं सांगायचं तर पुरून उरतो. भाडं कौन्सिलप्रमाणे बदलतं पण बऱ्याच ठिकाणी वर्षाला 100 पौंडांच्या आत असतं.

अडचण वेटिंग लिस्टची. ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेनं 2023 मध्ये कौन्सिलांकडून माहिती मागवली तेव्हा रांगेत पावणेदोन लाखांच्या आसपास लोक निघाले होते. म्हणून घर भाड्याने घेतलं की त्याच आठवड्यात नाव टाका, मेथी खायची इच्छा होईपर्यंत थांबू नका. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहिती आहे. 1908 च्या अलॉटमेंट कायद्यात कलम 23 आहे, त्याप्रमाणे तिथे राहणाऱ्या 6 मतदारांनी किंवा कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा कर) भरणाऱ्यांनी लेखी मागणी केली तर कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो, आणि मागणी खरी आहे असं पटलं तर जमीन द्यायची जबाबदारी त्यांची. लगेच मिळेल असं मी म्हणत नाही, पण लेखी अर्ज फायलीत गेला की उत्तर टाळणं अवघड होतं. भारतीय पासपोर्टवर इथे कायदेशीर राहणाऱ्यालाही मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, आपण कॉमनवेल्थचे ना, त्यामुळे सहा सह्या गणपतीच्या एका आरतीला गोळा होतील. फक्त लंडनच्या आतल्या भागातल्या बरोंना, म्हणजे तिथल्या कौन्सिलांना, ही सक्ती लागू नाही. आणि स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, 2015 चा, तिकडच्यांनी एसएजीएस या त्यांच्या अलॉटमेंट सोसायटीला विचारावं.

इंग्लंड-वेल्समध्ये कागदोपत्री काही लफडं झालं तर नॅशनल अलॉटमेंट सोसायटी, ऑफिस कॉर्बीला. मेंबरना कायद्याचा सल्ला देतात, साईट विकायचा घाट घातला जातोय, भाडं अचानक वाढवलंय, अशा वेळी यांच्याकडेच जायचं. कौन्सिलनं अलॉटमेंटसाठी म्हणूनच घेतलेली जमीन 1925 च्या कायद्याप्रमाणे मंत्र्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही हे लक्षात ठेवा.

पिकाचा प्रश्न असेल तर आरएचएस, म्हणजे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी, 1804 ची बागकामाची संस्था. मेंबर झालात तर तज्ज्ञाला थेट विचारता येतं, पण वेबसाईट फुकट आहे आणि माझ्या मते नवशिक्याला तेवढी पुरे. त्यावरचं घोड्याच्या लिदीच्या खताबद्दलचं पान तर वाचाच. तबेलेवाले खत फुकट देतात म्हणून आपण खूश होतो, पण गवतावर मारलेलं अमिनोपायरालिड नावाचं तणनाशक घोड्याच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर येतं आणि टोमॅटो, बटाटा, शेंगा सगळ्यांची पानं वाकडी करून टाकतं. आधी कुंडीत ते खत घालून चार बीन्स लावून बघायच्या, नवीन पानं सरळ आली तरच प्लॉटवर टाकायचं.

आमच्या कॉव्हेंट्रीजवळच्या रायटनची गार्डन ऑरगॅनिक ही सेंद्रिय बागकामाची संस्था मला सगळ्यात जवळची वाटते. बाजारात न मिळणाऱ्या जुन्या वाणांच्या बिया त्यांची हेरिटेज सीड लायब्ररी मेंबरना देते. शिवाय सोइंग न्यू सीड्स नावाचा त्यांचा एक प्रकल्प होता, बाहेरून येऊन इथल्या अलॉटमेंटवर आपापल्या भाज्या पिकवणाऱ्या लोकांकडून शिकून घेण्याचा, दुधी, मेथी, हरभरा वगैरे. म्हणजे आपल्या आजीआजोबांना जे येतं त्याला इथे किंमत आहे.

बियांवरून आठवलं, आईच्या बॅगेतून पुडी आणू नका. भारतातून येणाऱ्या बऱ्याच बियांना फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोगकीड नसल्याचा सरकारी दाखला, लागतं, नसेल तर जप्त होतात. आणि गरजही नाही, इंडियन दुकानातल्या मसाल्याच्या पाकिटातले मेथीदाणे आणि धणे मस्त उगवतात. भेंडी, गवार मात्र पॉलिटनलशिवाय (प्लॅस्टिकच्या बोगद्यासारख्या मांडवाशिवाय) नको, मेच्या मध्यापर्यंत दंव पडू शकतं. आणि चाकवत तर पेरावाही लागत नाही, शेजारचा गोरा तण म्हणून उपटून कंपोस्टमध्ये टाकत असतो, जाऊन मागून घ्या.

जूनपासून बटाट्याच्या करप्यावर लक्ष ठेवा. सलग दोन दिवस तापमान 10 डिग्रीच्या खाली न जाता रोज 6 तास तरी आर्द्रता 90 टक्क्यांवर राहिली की धोका, याला हटन क्रायटेरिया म्हणतात, पोस्टकोड टाकला की ईमेलवर इशारा देणाऱ्या फुकट सेवाही आहेत.

शेवटचं, आपल्या लोकांचा प्लॉट जातो तो बहुतेक वेळा सुट्टीमुळे. जुलै-ऑगस्टला सहा आठवडे भारतात, तोवर गवत कमरेएवढं, परत आल्यावर दारात नोटीस. तिकीट काढलं की साईट सेक्रेटरीला एक ईमेल टाका आणि शेजारच्या प्लॉटवाल्याला सांगा की मी नसताना तयार झालेल्या सगळ्या शेंगा तुमच्या, तो पाणी घालतो.

आपला,
एक वाचक, कॉव्हेंट्री