उत्सवी बिअरची चव बर्फात मारू नका

संपादक महोदय,

ऑक्टोबर आला की जर्मनीतल्या म्युनिकच्या ‘ऑक्टोबरफेस्ट’ या उत्सवातल्या बिअरवर मजकूर छापून येतो. त्यात बहुधा तांबूस ‘मेर्झन’चं वर्णन असतं. प्रत्यक्षात म्युनिकच्या मंडपांत आज फिकट सोनेरी, सुमारे 6 टक्के अल्कोहोलची ‘फेस्टबिअर’ मिळते. मेर्झन म्हणजे मार्चची. 1539 च्या बव्हेरियन (म्युनिक ज्या प्रांतात आहे, तिथल्या) नियमानुसार 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बिअर गाळायला बंदी होती, म्हणून मार्चमधली तळघरात थंड ठेवून शरदात काढत.

चाखायची तर 8 ते 10 अंशांवर. आपल्याकडे ‘चिल्ड’ म्हणजे दातात कळ येईल इतकी गार. तेवढ्या गारठ्यात माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, वास उठतच नाही. बाटली फ्रिजबाहेर दहा मिनिटं ठेवावी. आपल्या वैशाखात पाचच पुरे. ग्लास काचेचा, साबणाचा अंशही नको. तेलकट ग्लासात फेस लगेच बसतो. आधी वास घ्यावा: तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा खरपूस यायला हवा. पहिल्या घोटाला किंचित गोडवा, शेवट मात्र कोरडा. गोडी जिभेवर चिकटून राहिली तर बिअर फसली.

ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून शिळी झालेली, उष्ण गोदामात हे लवकर होतं. उग्र, कुबट वास म्हणजे बाटलीला ऊन लागलेलं. हिरव्या बाटलीत हा धोका जास्त, तपकिरीत कमी. लोण्याचा वास आला तर आंबवणं घाईत उरकलंय.

आणि शेवभाजी नंतर. आपल्या काळ्या मसाल्यापुढे कुठलाच माल्ट टिकत नाही!

– एक वाचक, भुसावळ